पैऱ्याचा बैल

साल १९४०, महिना पौष. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात तुम्ही उभे आहात. सिद्धनाथाच्या देवळाकडून माणसांचा लोंढा माळाकडं येतोय आणि माळावर नजर पोचेल तिथवर खिल्लार. पांढरीशुभ्र, करडी, खांद्यावर काळपट झाक असलेली कोशी. शिंगं मागं कललेली, टोकाला वर उचललेली. पाठ सूत धरल्यासारखी सरळ. मुलूख औंध संस्थानचा. राजेसाहेबांनी गेल्या साली कारभार रयतेच्या हाती सोपवला, त्याची चर्चा चावडीवर होते. इथं मात्र बोलणं निराळंच. दात किती? भोवरा कुठं? चाल कशी?

तुमच्या पुढ्यात एका धनगराचं खोंड आहे. ओठ वर करून बघा. दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, म्हणजे आदत. खूर काळे आणि गच्च मिटलेले, शेपटी बारीक, कातडी इतकी पातळ की मानेवर माशी बसली तरी थरथर पार पुढच्या पायापर्यंत जाते. धनगर सांगतो, जन्मलं तेव्हा माथ्यावर तांबूस रंग होता, दोन महिन्यांत गेला. आटपाडी महालाच्या खिल्लारीची ही खूण तुम्हालाही माहीत आहे. मध्ये हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल. तो तुमचा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेतो आणि पुढचं सगळं बोटांवर चालतं. खेटून उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. तुम्ही एक बोट सोडवून घेता, तो पुन्हा धरतो. तुम्ही पुन्हा सोडवता. शेवटी दावं तुमच्या हातात येतं आणि कमरेचा कसा रिकामा होतो.

हे खोंड कशासाठी घेतलं? आधी मोटेसाठी आणि कुळवासाठी. यात्रेतल्या शर्यतीसाठीही घेतलंय, खरं तर पाय बघूनच घेतलंय. पण शर्यत वर्षातल्या एखाद-दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी बैल हरला तरी दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीच्या धावेवर त्याची गरज असतेच. हरलेला बैल घरावर ओझं होत नाही. मालकाला हा केवढा आधार होता, ते तुम्हाला पुढच्या सालांत गेल्यावर समजेल.

अडचण एकच. पैसे एका बैलापुरते होते आणि जू दोन खांद्यांचं असतं. म्हणून परतीच्या वाटेवर तुम्ही घरी न जाता शेजारच्या वस्तीवर वळता. तिथल्या आबांकडंही एकच बैल आहे. ओसरीवर बसून पैरा ठरतो: चार दिवस दोन्ही बैल तुमच्या रानात, चार दिवस त्यांच्या रानात. यात्रेला जोडी एकत्र पळवायची, नारळ-फेटा मिळाला तर दोघांचा. कागद नाही, साक्षीदार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' याच मुलखातली, याच संस्थानच्या काळातली. पुस्तक १९५५ साली आलं. त्यात एका बैलाच्या जोडीला घरच्या बाईनं जू खांद्यावर घेतल्याचा प्रसंग आहे. शहरातला वाचक तिथं हळहळतो. माणदेशी माणूस आधी विचारतो, पैरा का नाही जमला? ज्याच्याशी कुणी पैरा करत नाही त्याच्या घरावर काय पाळी येते, हे त्याला ठाऊक असतं.

आता आणखी दोनशे वर्षं मागं चला, थोडाच वेळ. सातारा, अजिंक्यताऱ्याचा पायथा, शाहू छत्रपतींचा काळ. तुम्ही शिलेदार आहात. घोडी तुमची स्वतःची. शेजारचा बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसतो. त्याचा घोडा पडला तर पागेचं नुकसान, तुमची घोडी पडली तर तुमच्या घरादाराचं. म्हणून मोहिमेत तुम्ही घोडीला आधी पाणी दाखवता, मग स्वतः पिता. रात्री तिच्या पायाला हात लावून बघता की सूज नाही ना. माणगंगेच्या आणि भीमेच्या काठची ही तट्टं उंचीनं लहान. पण दाणा-वैरण मिळेल तेवढ्यावर मजल मारणारी. जनावराच्या पायावर घर उभं करायची रीत या मुलखात तेव्हापासूनची. बैलांच्या शर्यतीचा नाद वरवरचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या शिलेदाराच्या शेजारी एक रात्र काढावी.

परत या. १९७२ साली उतरा, पण इथं फार रेंगाळू नका. विहिरींचे तळ उघडे पडलेत. खडी फोडायच्या कामावर सारा गाव आहे, मुलांच्या हातात सुकडी आहे. दावणीला खिल्लाराची जोडी होती तिथं आता नुसते खुंटे. कडबा सोन्याच्या भावानं, आणि बैल मात्र मातीमोल. ज्या बापानं बैल विकला तो आठवडाभर गोठ्याकडं फिरकत नाही. दुष्काळ सरल्यावर खोंडं पुन्हा आली, पण तोवर विहिरीवर विजेची मोटार बसली होती आणि मागोमाग बांधावर ट्रॅक्टर आला. बैलाचं शेतातलं काम एकेक करून सुटत गेलं. मोट गेली, कुळव गेला, बाजाराची गाडी गेली. उरली ती शर्यत. खिल्लार गाय दूध थोडकंच देते, त्यामुळं दुधासाठीही तिला कुणी ठेवीना. ज्यांनी ठेवली, त्यांनी पळणारं खोंड पोटी यावं म्हणून ठेवली.

इथून मालकाचं दैव फिरलं. तुमचा बैल आता वर्षाचे बाराही महिने खातो आणि कमावतो तो फक्त मैदानात. शाळूचा कडबा, मक्याचा भरडा, सरकी पेंड, उडीद, दूध, अंडी. शर्यत जवळ आली की बदामसुद्धा. रोजचं फिरवणं, तळ्यात पोहणी, पायाला पत्री. पोसणारा भाऊ गलाईच्या धंद्यात दूरच्या शहरात सोनं गाळतो आणि महिन्याला पैसे पाठवतो. खानापूर-आटपाडीच्या कितीतरी दावणी अशाच गलाईच्या पैशावर उभ्या आहेत. आणि पहाटे चारला उठून भरडा शिजवणारी बाई? मैदानात पुकारा होतो 'नाथसाहेब प्रसन्न' आणि पुढं घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव. तिचं नाव कुठल्याही चिठ्ठीवर नसतं. हे मला खटकतं आणि खटकत राहणार. बैलाच्या अंगात ताप आहे हे अख्ख्या घरात सगळ्यात आधी तिलाच कळतं.

२०१३ सालचा उन्हाळा. म्हसवडजवळची चारा छावणी. माणदेशी फाउंडेशननं उभी केलेली ही छावणी म्हणजे जनावरांचं गावच. बांबूवर टाकलेल्या जुन्या साड्यांच्या सावलीत गाई, म्हशी, रेडकं आणि मध्ये तुमचा बैल. समोर उसाची वाढी. ज्याला तुम्ही वैरणही निवडून घालत होता तो वाढी चघळतोय आणि पोट सुटत चाललंय. पायांना हालचाल नाही. संध्याकाळी त्याला उन्हं उतरल्यावर ओढ्याच्या कोरड्या पात्रात फिरवून आणता. लोक विचारतात, आता कशाला फिरवताय? शर्यती कुठं राहिल्यात?

प्रश्न बरोबर आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं बैलाचं नाव खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूसोबत महाराष्ट्रातल्या शर्यतींचंही दार लावून टाकलं. न्यायालयासमोर जे मांडलं गेलं होतं त्यातलं बरंच खरं होतं, हे मालकांनीच आधी कबूल करायला हवं. शेपटी पिरगाळणारे, चावणारे, टोचणी लावणारे, बॅटरीचा झटका देणारे लोक मैदानात होते. ते बैलाचे मालक म्हणवून घ्यायच्या लायकीचे नाहीत. पण त्यांच्यासोबत, जो माणूस बैलावर हात उगारू देत नव्हता त्याचीही दावण थंडावली. २०१५ साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. पळणारा बैल कसायाला द्यायचा विचार तुमच्या मनाला शिवला नव्हताच. पण बाजारात सगळ्याच बैलांचं गिऱ्हाईक आटलं. ज्या खोंडाकडं बघायला चार गावची माणसं येत होती त्याला विचारणारं कुणी उरलं नाही. २०१७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, हजार मीटरची मर्यादा घातली, छळ करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तुम्ही पेढे आणलेत. उच्च न्यायालयानं त्या कायद्यानंतरही शर्यती रोखून धरल्या.

या साऱ्या वर्षांत बैल थांबत नाही, तो वयानं वाढतो. दोन दात येऊन आदतचा दुसा होतो, दुशाचा चौसा, मग सहादाती, मग सगळे दात येऊन जुळतो. न्यायालयाच्या तारखा पुढं जातात तशी पळायची वर्षं मागं पडतात. कायद्याची बाजू मांडणाऱ्या कुठल्याच वकिलाला हा हिशेब सांगता आला असेल असं मला वाटत नाही: एका बैलाचा उमेदीचा सारा काळ दावणीला गेला आणि तो परत मिळणार नव्हता.

२० ऑगस्ट २०२१, पहाटेचा अंधार. आटपाडी तालुक्यातलं झरे. आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी मोडून शर्यत घेणार म्हणून जाहीर केलंय. पोलिसांनी मैदानात चर खोदलेत, गावांच्या वेशीवर बंदोबस्त आहे. तुम्ही टेम्पोचे दिवे बंद ठेवून कच्च्या वाटेनं दावणीचा पुढचा बैल आणलाय. त्याच्या तोंडावर हात फिरवताय, तो हंबरू नये म्हणून. निरोप येतो: झऱ्याला नाही, वाक्षेवाडीच्या पठारावर. तिथं रातोरात दगड वेचून धावपट्टी केलेली. पायाखाली ओला माळ, अंगावर पावसाची बारीक भुरभुर, आणि हलक्या आवाजात बोलणारी शेकडो माणसं.

भीती गुन्हा दाखल होण्याची नाही. बैल जप्त झाला तर काय, ही आहे. कुणाच्या ताब्यात जाईल, कोण वैरण घालेल, तो अनोळखी हातचं खाईल का? फटफटतंय तोवर गाड्या सुटतात. तुम्ही कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकता: खुरांचा, चाकांचा, आणि माणसांच्या छातीतून एकदम निघालेला. थोड्या वेळात सगळं उरकतं. आयोजकांवर गुन्हे दाखल होतात. त्यात राजकारण होतं, ते मान्य केलंच पाहिजे. निवडणुका जवळ होत्या आणि माणदेशात बैल म्हणजे मतं. तरीही जे मालक तिथं आले ते मतांसाठी आले नव्हते. ज्यांच्या बैलाचं वय निघून चाललं होतं ते आले होते.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या कायद्याप्रमाणे शर्यती घ्यायला मुभा दिली. त्या संध्याकाळी बेंदूर नसताना बेंदूर झाला: शिंगांना रंग, अंगावर झुली, गावभर गुलाल. तुम्हीही बैल मिरवलात. घरी येऊन मात्र ओठ वर करून दात पाहिलेत.

आणि लगेच २०२२ चा सप्टेंबर. जनावरांवर लंपी रोग. बाजार बंद, जनावरांची वाहतूक बंद, शर्यती बंद. अंगावर गाठी आलेली जनावरं गावोगाव दिसू लागली. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचली जात होती. गोठ्यात कडुनिंबाचा धूर, पायरीवर चुन्याची फक्की. कुणी कुणाच्या गोठ्यात पाऊल टाकेना. पैऱ्यावाल्यांनीही एकमेकांशी फक्त फोनवर बोलायचं. ज्याच्या बैलाला गाठी आल्या तो वाचला तरी पूर्वीसारखा दम धरीना. दहा वर्षं बंदीला तोंड दिलं आणि ती उठून नऊ महिन्यांत हे पुढं आलं.

एप्रिल २०२३. भाळवणी, तालुका खानापूर. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी भरवलेलं 'रुस्तम-ए-हिंद' मैदान, पहिलं बक्षीस थार गाडी. सकाळपासून टेम्पोंची रांग मैलभर. उन्हाचा कडाका. चिठ्ठ्या निघतात, तुमचा गट पुकारला जातो आणि तास क्रमांक. एका वेळी पाच-सहा जोड्या, प्रत्येकीचा तास नांगरून आखलेला. ज्या गाडीनं तास सोडला ती बाद.

तुमचा बैल डावा. उजव्या अंगाला पैऱ्याचा, दुसऱ्या तालुक्यातला, नुकताच दुसा झालेला, दांडगा. त्याच्या मालकाशी तुमची ओळख तीन महिन्यांची. सुट्टीची माणसं दोन्ही बैलांची तोंडं धरून उभी. तुमचा बैल अगदी शांत. त्याला सगळं कळतं. पैऱ्याचा पुढचे पाय नाचवतोय, जोखड वर उचलतोय, त्याचा गरम श्वास तुमच्या मनगटावर लागतोय. छकड्यावर ड्रायव्हर गुडघे मोडून वाकतो. झेंडा पंच हात वर करतो. तुम्ही बैलाच्या मानेवरची घामाची धार बोटानं निपटून काढता आणि बाजूला होता.

झेंडा पडतो.

जोडी एकदम सुटते. पहिल्या शंभर पावलांत तुमची गाडी पुढं. निवेदकाच्या तोंडी तुमच्या गावाचं नाव, तेही दोनदा. आणि पैऱ्याचा बैल गर्दीच्या आवाजानं बुजतो, खांदा आत टाकतो. तुमचा बैल त्याला रेटून सरळ धरायला बघतो. दोन-चार झेपा धरतोही. मग एक चाक आखलेल्या रेषेवर जातं, दुसरं पलीकडं. निशाणावर तुम्ही पहिले आहात. पंच हात आडवा करतो.

बाद.

मिनिटही झालं नाही. यासाठी सहा महिन्यांचा खुराक, टेम्पोचं भाडं, ड्रायव्हरची बिदागी, गलाईवरच्या भावाची रजा. पैऱ्याचा मालक धावत येतो, त्याचा चेहरा उतरलेला. आता तुम्ही काय बोलता यावर पुढची सगळी वर्षं ठरणार आहेत. घोड्याच्या रेसमध्ये मालकाचा घोडा एकटा पळतो. हरला तर चूक घोड्याची, जॉकीची किंवा नशिबाची. इथं निम्मी जोडी दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेली असते, आणि तिच्याबद्दल चारचौघांत वावगं बोललेलं कुणी विसरत नाही. तुम्ही त्याच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवता. "पोरगं हाय अजून," म्हणता. "मैदान बगितलं नव्हतं त्येनं. पाणी पाजा आधी."

दिवस कलल्यावर फायनल होते. बकासूर आणि महिब्या जिंकतात. बकासूर पुणे जिल्ह्यातल्या सूसचा. त्याच्या नावाची टोपी घातलेली पोरं सांगलीच्या मैदानात शेकड्यांनी. गाडी एक, बैल दोन, आणि दोघांचे गोठे वेगळे. थारच्या टपावर गुलाल उधळला जातो तेव्हा तुम्ही मागं उभे राहून तेवढंच बघत असता. एवढा मोठा बैल, अख्ख्या राज्यात ज्याचं नाव, त्यालाही जोडीला कुणाचा तरी बैल लागलाच. पुढं बक्षिसात फॉर्च्युनर आली, बैलांच्या किमती वाढल्या, गोठ्यांत पंखे आणि कॅमेरे लागले. पैशाच्या जोरावर काही जण दोन्ही बाजू विकत घेऊन घरचीच जोडी करू बघतात. करोत. पण ज्याला एकच बैल परवडतो असा मालक ज्या दिवशी मैदानातून हटेल, त्या दिवशी या शर्यतीत माणदेशाचं असं काही राहणार नाही, असं माझं पक्कं मत आहे.

१८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. तुमचा बैल तोवर जुळला होता. त्या हंगामात तो गट काढी, सेमीला मागं पडे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतही तसंच झालं. मोठ्या मैदानासाठी पैऱ्याला विचारणारे फोन कमी झाले. हेडी एकदा येऊन गेला. तुम्ही त्याला चहा पाजला आणि भाव विचारलाच नाही.

मग एका संध्याकाळी फोन वाजतो. तो दुशाचा मालक.

"आण्णा, रामराम. आमचं येक नवं खोंड हाय, आदत. लय बुजतंय. तुमचा बैल चार दिस डाव्या अंगाला दिला तर शिकंल त्याच्याबरुबर. मैदानाला नाय, नुसता फेऱ्याला."

तुम्ही गोठ्याकडं बघता. बायको भरड्याची पाटी घेऊन उभी आहे, तिनं सगळं ऐकलंय. "काठी लावू देऊ नका म्हणावं," ती म्हणते, "आणि गुळाचं पाणी कोमट करून द्यायचं."

तुम्ही फोनवर तेच सांगता आणि वर विचारता, "कधी धाडू?"

"धाडू नका, मीच येतो न्यायला. आयतवारी."